चार रिकामी भोकं

“अहो, दहा मिनिटं तरी झाली का? लगेच काय बंद करता!”

रेडिओमिस्त्रीने बटण फिरवलं. गाणं अर्ध्यावर थांबलं. बायकोने अ‍ॅम्प्लिफायरच्या झाकणावरचा हात काही काढला नाही. तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा तो तिथेच राहिला.

“भाजेल.”

“भाजू दे. शेजारणीचा रेडिओ दिवसभर बोंबलतो, आणि माझ्या पोराचं यंत्र दहा मिनिटं? गावाची दुरुस्ती करता, घरचं तेवढं होत नाही!”

होत होतं, तेच तर दुखणं होतं. एकुलत्या एका पोराने परदेशात स्वतःच्या हाताने जोडलेला हा अ‍ॅम्प्लिफायर. सुट्टीत घेऊन येणार होता. पण अ‍ॅम्प्लिफायर एकटाच आला, खोक्यातून, त्याच्या कपड्यांबरोबर. तिकडची वीज साठ सायकलची, म्हणजे सेकंदाला साठ हेलकावे घेणारी, इकडची पन्नास. व्होल्टेज जुळवता येतं, सायकलचं काय करणार? साठच्या मापाने केलेल्या ट्रान्सफॉर्मरला इथे लोखंड कमी पडतं. तो घुमतो आणि तापतो. मिस्त्रीने जास्त लोखंडाचा ट्रान्सफॉर्मर गुंडाळून कधीचा फळीवर ठेवला होता. पण पोराने जोडलेल्या तारा सोडवायच्या कुठल्या हाताने?

त्यात तो शेवटचा फोन. “गाढवा, तिकडचा ट्रान्सफॉर्मर इकडे भाजून निघतो, एवढंही विसरलास? मिस्त्रीचा मुलगा ना तू?” मिस्त्री तोंडाला येईल ते बोलला होता. “बाबा, आल्यावर बघू ना,” म्हणत पोरगा हसला. तिसऱ्या दिवशी अपघाताचा निरोप आला. हे बोलणं त्याने बायकोला कधी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मन घट्ट करून त्याने पहिल्यांदाच झाकण उघडलं. प्रत्येक तारेचं टोक आधी आकड्यासारखं वाकवून अडकवलेलं, मग सोल्डर. अगदी मिस्त्रीने पोराला शिकवलं होतं तसं. फक्त ट्रान्सफॉर्मरच्या तारांना आकडा नव्हता. जी तार पुढे कधी सोडवायची असेल, तिला आकडा घालायचा नाही, हेही त्यानेच शिकवलेलं.

ट्रान्सफॉर्मरच्या भोवती, खालच्या पत्र्याला आणखी चार भोकं पाडलेली होती, रिकामी. मिस्त्रीने फळीवरचा ट्रान्सफॉर्मर उचलून वर धरला. चारही भोकं बरोब्बर जुळली. गेली तीस वर्षं तो हेच माप वापरत आला होता.

मिस्त्री ढसाढसा रडला. बायको धावत आली.

“मी त्याला विसरभोळा म्हटलं गं. शेवटचं तेच बोललो. आणि हा बघ, माझ्यासाठी जागा ठेवून बसलाय.”

तिने भोकांवरून बोट फिरवलं. “तुम्ही बोलणारच, हे काय त्याला ठाऊक नव्हतं?” तिने पदराने आधी त्याचे डोळे पुसले. “बसवा आता.”

संध्याकाळी अ‍ॅम्प्लिफायर तासभर वाजला. मग आणखी तासभर. झाकणावर तिचा हात होताच.

“गरमच होत नाही हो आता.”

“नाही व्हायचा.”

तिने हात तरीही काढला नाही. थोड्या वेळाने मिस्त्रीने आपलाही हात शेजारी ठेवला.