कुलपातलं पाणी

मी बाप्तिस्म्याचं कुंड बोलतोय. जातीचा दगड आहे, तेव्हा एखादा शब्द कठोर निघाला तर सांभाळून घ्या.

चर्चच्या मोठ्या दारातून आत आलात की डाव्या हाताला मी उभा. आठ बाजू, कमरेएवढी उंची, डोक्यावर लाकडी झाकण. बाळं माझ्याकडे झोपलेली येतात आणि भोकाड पसरून जातात. आईवडील मात्र हसत असतात. माझ्या वाट्याला आलेल्या लोकांची ही एक गंमत.

माझ्याआधी इथे जमिनीत हौद होता म्हणे. मोठी माणसं तीन-तीन वर्षं धर्म शिकून मग त्यात उतरायची, डोक्यासकट बुडायची. माझ्या काळात तान्ही मुलं आली. सुरुवातीला त्यांना आख्खं बुडवत. पुढे नुसतं डोकं भिजवू लागले. मग एका फादरांनी पाणी वाया जातं म्हणून माझ्या पोटात उथळ भांडं बसवलं. पाणी कमी होत गेलं आणि नियम वाढत गेले, एवढं मी डोळ्यांनी पाहिलं. आत्म्याच्या तारणाला नेमकं किती पाणी लागतं, हे मला कुणी सांगितलेलं नाही.

माझं पाणी वर्षातून एकदा आशीर्वाद देऊन भरतात. लोक ते बाटल्यांतून पळवू लागले. कुणी आजारी गाईला पाजायला, कुणी परीक्षेला बसणाऱ्या मुलीवर शिंपडायला. म्हणून झाकणाला कुलूप आलं. चावी चर्चची झाडलोट करणाऱ्या चावीकाकांच्या कमरेला. फादरांच्या शब्दाशिवाय झाकण उघडायचं नाही, हा नियम काकांनी जिवापाड सांभाळला. मला तेव्हा त्यांचं कौतुक वाटायचं, हे कबूल करतो.

मग तो शनिवार आला. समोरच्या गल्लीतल्या शिंपीणबाईला मुलगी झाली होती, सातव्या महिन्यातच. दुपारी तिची सासू बाळाला पदराखाली घेऊन धावत आली. बाळाचे ओठ निळे पडले होते.

"काका, कुंड उघडा! फादर कुठायत?"

"फादर दुसऱ्या गावी गेलेत, उद्या रविवारी येतील. त्यांच्याशिवाय मला उघडता येत नाही हो आजी."

"अहो, हिला रविवार दिसायचा नाही!"

काकांचा हात चावीवर गेला. मी वाट पाहत होतो. हात तिथेच थांबला. "मला परवानगी नाही," ते पुन्हा म्हणाले. आजीने बाळाला माझ्या झाकणावर ठेवलं आणि गुडघे टेकले. पाणी आणि कपाळ यांच्यात बोटभर लाकूड होतं. मी दगड, मला हात नाहीत. बाळ माझ्या डोक्यावरच गेलं.

रविवारी म्हातारे फादर आले. बाप्तिस्मा झाला नाही म्हणजे दफनभूमीच्या भिंतीच्या आत जागा नाही, असा तेव्हाचा नियम. "घरातल्या तांब्यातलं पाणीही चाललं असतं हो," ते म्हणाले, "अडचणीच्या वेळी कुणीही घालू शकतं." हे त्यांनी आधी कुणाला शिकवलंच नव्हतं. काकांनासुद्धा माहीत नव्हतं. शिंपीणबाईने आठव्या महिन्यात शिवू म्हणून कापड आणून ठेवलं होतं. त्याचा अंगरखा तिने त्याच दिवशी बसून शिवला आणि तो घालून मुलीला भिंतीबाहेर पुरलं. फादर नंतर माझ्यामागे उभे राहून रडले. वाईट माणूस नव्हता तो. पण नियम त्यांनी तसाच ठेवला.

त्यानंतर चाळीस वर्षं गावातल्या प्रत्येक बाळाचा बाप्तिस्म्याचा पांढरा अंगरखा शिंपीणबाईच शिवत आली. अंगरखा द्यायला ती माझ्यापर्यंत येई, पण माझ्या पाण्याला तिने कधी बोट लावलं नाही. मला त्याचं वाईट वाटायचं. राग तर माझ्यावर नव्हता ना, असं मी स्वतःलाच विचारत बसायचो.

गेल्या वर्षी नवे फादर आले. तरुण, भरपूर शिकलेले. एका रविवारी ते प्रवचनात म्हणाले, "बाप्तिस्म्याआधी गेलेली बाळं आपण देवाच्या दयेवर सोपवतो. त्यांना स्वर्गाचं दार बंद आहे असं आता आपण मानत नाही."

लोक घरी गेले. शिंपीणबाई माझ्याजवळ थांबली. सत्तरी उलटलेली, पण पाठ ताठ.

"फादर, ते 'आता' म्हणालात ना, ते जरा समजावून सांगा. माझी मुलगी चाळीस वर्षांपूर्वी गेली. नियम बदलला तेव्हा तिला आत घेतलं का? तोवर ती बाहेर उभी होती?"

"तसं नाही मावशी. काळानुसार आपली समज वाढत जाते..."

"समज तुमची वाढली, वर्षं माझी गेली. सरळ सांगा. देवाने अट बदलली असेल, तर आधीच्या लेकरांचं काय? आणि बदलली नसेल, तर तुम्ही तिला कशाच्या जोरावर बाहेर ठेवलंत?"

फादरांनी पुस्तकी उत्तर तोंडापर्यंत आणलं आणि गिळलं. मग त्यांनी माझ्या झाकणावर दोन्ही हात ठेवले. मी श्वास रोखून होतो, म्हणजे दगड जेवढा रोखू शकतो तेवढा.

"माणूस वाचावा, ही देवाची इच्छा पहिल्यापासून आहे. ती बदलली असं मला वाटत नाही," ते हळू म्हणाले. "त्याच्या दयेभोवती भिंत आम्ही बांधली. कधी इकडे सरकवली, कधी तिकडे."

"म्हणजे ती पहिल्या दिवसापासून आत आहे?"

"पहिल्या दिवसापासून. कागदावर सिद्ध करून देता येणार नाही, मावशी. पण मी मरेन तेव्हा याच भरवशावर मरणार आहे. आणि आमची चूक झाली. म्हाताऱ्या फादरांच्या वतीनेही मी माफी मागतो."

ती रडली नाही. "मग भिंत आणखी एकदा सरकवा," एवढंच म्हणाली.

पंधरा दिवसांत गवंडी आला. दफनभूमीच्या भिंतीचा कोपरा पाडून त्याने ती लहानशी कबर आत घेतली. काम संपलं त्या सकाळी फादरांनी विचारलं, कबरीवर पाणी शिंपडायचं का? कुलूप काढायला चावीकाका आले. आता ऐंशीचे, नातवाच्या खांद्याला धरून. चावी काही केल्या भोकात जाईना. शेवटी शिंपीणबाईने त्यांच्या हातावर हात ठेवला आणि दोघांनी मिळून झाकण उघडलं.

"मी उघडायला हवं होतं गं," काका म्हणाले. "चाळीस वर्षं ही चावी मला झोपू देत नाही."

तिने चाळीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या पाण्यात बोट बुडवलं. सुईने खरबरीत झालेलं बोट होतं ते. मला वाटलं, आता ती कबरीकडे जाईल. ती काकांकडे वळली आणि त्यांच्या कपाळावर ओला क्रूस काढला.

"तिला याची गरजच लागली नाही, काका," ती म्हणाली. "तुम्हाला लागेल."

काका माझ्या कडेला धरून लहान मुलासारखे रडले. इतकी वर्षं रडणं ऐकतोय, पण त्या दिवशी मलाही आवरेना.

झाकण आता भिंतीला टेकवून ठेवलंय. पाण्यात धूळ पडते, कधी एखादी माशी. लोकांना माझी दया येते, कुणीतरी पुन्हा झाकण ठेवायला जातं. त्यांना माझी एकच विनवणी आहे. धूळ काढता येते. झाकण ठेवू नका.