बोलणी

गाड्यांच्या शोरूममधल्या टायवाल्याने कॅल्क्युलेटर त्यांच्याकडे फिरवला आणि आकड्याखाली बोट ठेवलं, जणू बोट काढलं तर आकडा उडून जाईल.

"सगळं धरून सांगतोय. कंपनीची सूट, महिनाअखेरची सूट, आणि जुनी गाडी दिलीत तर तिचा एक्स्चेंज बोनस वेगळा. याच्या खाली गेलो तर साहेब मला घरी बसवतील."

नवऱ्याने आकडा पाहिला, मग बायकोकडे पाहिलं. तिने पर्सचा बंद बोटाला गुंडाळला. घासाघीस दोघांनाही जमत नसे. दुकानदाराने सांगितलेली किंमत त्यांना हवामानासारखी वाटे. ती ऐकायची आणि त्याप्रमाणे तयारीला लागायचं.

घरात हे काम बाबांचं होतं. तिच्या सासऱ्यांनी एका कारखान्याचं खरेदीखातं सांभाळण्यात हयात घालवली होती, आणि निवृत्त झाल्यावरही त्यांची जीभ स्वस्थ बसली नव्हती. फ्रीज घ्यायचा असो की खिडकीचा पडदा, समोरच्याला बोलता बोलता घाम फोडून ते बाहेर पडत, आणि तोच वर त्यांना चहा पाजे. आठ महिन्यांपूर्वी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. शब्द परत येतील किंवा येणार नाहीत, असं डॉक्टर म्हणाले होते. अजून आले नव्हते.

गाडी त्यांच्यासाठीच हवी होती. जुनी गाडी बाबांचीच, पण तिची सीट इतकी खाली की व्यायामाच्या दवाखान्यात नेताना त्यांना बसवायला दोघं आणि उतरवायला तिघं लागत. ही नवी लहानशी होती, तरी सीट उंच होती आणि दरवाजे सताड उघडत. फक्त जुनी बदल्यात जाणार हे बाबांना कुणी सांगितलं नव्हतं. सांगता आलं असतं. त्यावर त्यांचं काय म्हणणं आहे, ते मात्र कळलं नसतं.

काचेचं दार ढकलून मेकॅनिक आत आला. जुनी गाडी तपासायला तो एक चक्कर मारून आला होता. त्याने किल्ली टेबलावर ठेवली.

"इंजिन चांगलं आहे. मागचा डावा दरवाजा बदललेला आहे. डिकीत, टायरच्या खाली गंज आहे. वरून रंग मारलाय."

नवरा चपापला. दरवाजाचं त्याला ठाऊक होतं, गंजाचं नव्हतं.

"मला नसतं कळलं हो," मेकॅनिक म्हणाला. "काकांनीच सांगितलं. लपवून विकायची सवय नाही म्हणाले."

"कोण काका?"

"तुमच्याबरोबरचे. मागे बसलेत ते." त्याने अंगठा खांद्यावरून बाहेर केला. "म्हटलं आत चला, एसीत बसा. तर म्हणाले, आहे तिथे बरा आहे."

"अहो, वडीलधाऱ्या माणसाला उन्हात काय बसवलंत!" टायवाला म्हणाला. त्याने जगमधून तिसरा ग्लास भरला आणि रिकाम्या खुर्चीसमोर ठेवला.

ती वळून बाहेर पाहू लागली. गाडी आवाराच्या टोकाला, भिंतीशी उभी होती. मागच्या काचेवर दुपारचं ऊन असं पेटलं होतं की आतलं काही दिसत नव्हतं.

ती उठली. एका चकचकीत गाडीच्या आडोशाला जाऊन तिने घरी फोन लावला. सासऱ्यांच्या धाकट्या बहिणीने उचलला.

"आत्या, बाबा काय करतायत?"

"दादा? झोपलाय की. तुम्ही निघालात आणि याचा डोळा लागला, तो अजून उघडलेला नाही. इतका गाढ झोपलेला मी कितीतरी दिवसांत पाहिला नाही. का गं?"

"काही नाही. श्वास नीट चाललाय ना?"

"चांगला घोरतोय! तू गाडीकडे लक्ष दे. निळी घ्या."

ती परत येऊन बसली. नवऱ्याने टेबलाची कड दोन्ही हातांनी धरली होती. मेकॅनिक त्याला सांगत होता, "दुसऱ्या गिअरला घाई करू नको म्हणाले. गाडी चालवत होतो ना मी, तेव्हा."

"कसं म्हणाले?"

"म्हणजे?"

"नेमके शब्द सांगा."

मेकॅनिकने डोकं खाजवलं. "'तिला जरा वेळ दे रे, लाजते ती.' असं. आवाज जरा घोगरा आहे त्यांचा."

 नवऱ्याची पाठ काचेकडे होती. त्याने मान वळवली नाही.

"जाऊन बघू या?" तिने अगदी हळू विचारलं.

"नको." मग तोंडातल्या तोंडात, "गेलो आणि..." एवढंच बोलून तो थांबला.

टायवाल्याला त्यातलं काही ऐकू गेलं नाही. त्याचं बोट पुन्हा कॅल्क्युलेटरवर होतं. "तर मग गंज आहे म्हटल्यावर जुन्या गाडीचे दहा हजार कमी होतील. माझा नाइलाज आहे."

"करतील म्हणालेच होते काका," मेकॅनिक म्हणाला. "म्हणाले, दहा कापतील. कापू दे. मग हँडलिंगचं विचार. 'हँडलिंगचे पैसे कसले घेता? गाडी काय कडेवर घेऊन आलात?'"

टायवाला मोठ्याने हसला. मग त्याचं हसू मध्येच अडलं. हँडलिंगचा, म्हणजे गाडी गोदामातून इथवर आणण्याच्या पैशांचा, विषय त्याने अजून काढलाच नव्हता.

तो उठून साहेबांच्या केबिनमध्ये गेला आणि परत आला. हँडलिंग माफ झालं.

मेकॅनिक टायर तपासायला बाहेर गेला, तो टायरपेक्षा जास्त काही घेऊन आला. "विमा इथे उतरवू नका म्हणतात. बाहेर स्वस्त पडतो. आणि बारक्याला सांग म्हणाले, महिनाअखेर आहे, याला आकडा गाठायचाय, जरा दम धर." त्याने दोघांकडे पाहिलं. "बारक्या कोण?"

खुर्चीत मावत नव्हता असा तिचा नवरा, केस पिकू लागलेला, म्हणाला, "मी."

लहानपणी तो किडकिडीत होता म्हणे. हे नाव तिने लग्नानंतर फक्त एकाच माणसाच्या तोंडून ऐकलं होतं, आणि तेही घरात, दार लावलेलं असताना.

"तू माझ्या टार्गेटचं त्यांना सांगितलंस?" टायवाल्याने मेकॅनिकला दबक्या आवाजात विचारलं.

"मी कशाला सांगू? मला तरी कुठे ठाऊक आहे?"

टायवाल्याने टायची गाठ सैल केली. पुढच्या वेळी केबिनमधून परत आला तेव्हा त्याने नवा आकडा न बोलता दाखवला. त्यांनी घरून निघताना जो आकडा मनात धरला होता, त्याच्याही तो बराच खाली होता. तिने नवऱ्याच्या बाहीला हात लावला.

"घेऊ या."

"थांब." तो टायवाल्याकडे वळला. "मॅट?"

"देतो."

"सीटकव्हर?"

"बरं, तीही देतो. आता मात्र..."

"कुठली घ्यायची?" नवरा आता मेकॅनिककडे पाहत होता. "जरा विचारून या ना त्यांना."

मेकॅनिक गेला. परत येऊन म्हणाला, "सुती घ्या. रेक्झिनने पाठीला घाम येतो म्हणाले."

"आणि मागचा वायपर? तो लावून मिळेल का? विचारा."

टायवाल्याने कपाळाला हात लावला. त्याला वाटलं असावं, इतका चिवट माणूस आयुष्यात पाहिला नाही. ती मात्र नवऱ्याचा चेहरा बघत होती. वायपर लागो न लागो, त्याला त्याचं काही पडलेलं नव्हतं. मेकॅनिक दाराबाहेर गेला की त्याचे खांदे ताठ होत, आणि परत येऊन त्याने तोंड उघडलं की तो पुढे झुकून एकेक शब्द असा घेई, जसं तापातून उठलेलं माणूस पेज घेतं. मग लगेच पुढचा प्रश्न शोधू लागे. टाकीत पेट्रोल किती घालून देणार? सर्व्हिसिंग किती मोफत? रंग कुठला?

"रंग सूनबाईला विचार म्हणाले," मेकॅनिकने निरोप आणला. त्याचा चेहरा घामाने डबडबला होता. "गाडीही तिलाच चालवू दे. तू ब्रेक उशिरा दाबतोस."

ती खाली, आपल्या हातांकडे पाहू लागली.

"आणखी?" नवऱ्याने विचारलं.

"आणखी एवढंच, की बास. पाठ भरून आली म्हणाले बसून बसून. सही कर आणि ऊठ."

 नवऱ्याने पेन घेतलं. सह्या झाल्या, हस्तांदोलन झालं, नवी गाडी आठवड्याने मिळेल असं ठरलं. समोरचा तिसरा ग्लास तसाच भरलेला होता.

"काका उतरले की गाडी मागे लावून टाकतो," मेकॅनिक म्हणाला.

नवरा एकटा आवार ओलांडून गेला. ती पायरीवर थांबली. त्याने मागचा दरवाजा उघडला आणि, दवाखान्याच्या दारात थांबे तसा, हात पुढे करून वाकून उभा राहिला. आत तिला सीटची पाठ दिसत होती. आणखी काही नाही. मग गाडीची मागची बाजू जरा दबली आणि सावकाश वर आली. मेकॅनिक आदबीने एक पाऊल बाजूला सरला.

आवारातून रस्त्यापर्यंत नवरा अगदी लहान पावलं टाकत आला. त्याचं एक कोपर अंगापासून दूर धरलेलं होतं. तोवर तिने टॅक्सी थांबवली होती. ती आत शिरून पलीकडच्या खिडकीपर्यंत सरकली आणि पर्स मांडीवर घेतली. त्याने अलीकडचं मागचं दार थोडा वेळ उघडं धरलं, हलकेच लावलं, आणि स्वतः पुढे ड्रायव्हरशेजारी बसला.  वाटेत तिने शेजारी पाहिलं नाही. एका वळणावर फक्त तिला बाबांच्या तंबाखूचा वास आल्यासारखा वाटला, पण पुढची काच उघडी होती.

आत्याने दार उघडलं. "आत्ताच जागा झालाय बघा. चेहरा कसा टवटवीत दिसतोय!"

बाबा उशीला टेकून बसले होते. नवरा बूट न काढताच पलंगाच्या कडेवर बसला.

"बाबा, घेतली गाडी. तुम्ही म्हणालात तशीच. हँडलिंगचे पैसे नाही दिले."

बाबांनी त्याच्याकडे पाहिलं. डावा हात चादरीवर थोडा सरकला. ओठ विलग झाले, तसा नवरा खाली वाकला आणि त्याने आपला कान त्यांच्या तोंडाजवळ नेला. आत्याही हातातलं फडकं तसंच धरून थांबली.

आठ महिने येत होता तोच श्वास आला. त्यात शब्द नव्हता.

"बोला ना," नवरा म्हणाला. "आज इतकं बोललात."

तिथे उभं राहवेना म्हणून ती खिडकीशी गेली. खाली टॅक्सी अजून उभी होती. भाडं तर केव्हाच दिलं होतं. ड्रायव्हरने कोपर सीटवर टाकलं होतं आणि मान वळवून तो मागे कुणाचं तरी ऐकत होता. मध्येच काही बोलला. ऐकता ऐकता हसला, वाद हरलेला माणूस हसतो तसा, आणि मान हलवत त्याने गाडी चालू केली.

ती खिडकीच्या गजाला धरून उभी राहिली. हाक मारायला तोंड उघडलं, पण कुणाला मारणार?

"गेली का टॅक्सी?" नवऱ्याने मागून विचारलं. त्याचा कान अजून तिथेच होता.

"गेली," ती म्हणाली.

टॅक्सी कोपऱ्यावर पोचेपर्यंत ती पाहत राहिली.

"सावकाश चालवतोय," ती म्हणाली.