दोन केसांचं अंतर

सेतारच्या दांडीवर पडदा म्हणून बांधलेल्या तातीची गाठ पेन्सिलच्या खुणेवर नव्हती. दोन केसांइतकी घोडीकडे – म्हणजे सूर तेवढाच चढा. तरलानने त्या फटीत अंगठ्याचं नख घालून पाहिलं; नखसुद्धा मावलं नाही. खूण बाबांची. तरलान शिराझहून निघाली तेव्हा त्यांनी सेतारच्या दांडीवर प्रत्येक पडद्यापाशी एकेक बारीक रेघ ओढली होती. तिकडच्या थंडीत पडदे सरकतील, परत इथेच आण… अकरा वर्षं, माल्मोच्या अकरा हिवाळ्यांत, ती आणत आली होती.

हा पडदा कोमल आणि शुद्ध यांच्या मधल्या सुराचा. पियानोवर त्याला जागा नाही, आणि आज सकाळपासून, तिच्यासोबत वाजवणाऱ्या हेनिंगच्या यंत्रातही उरली नव्हती. त्याने पाठवलेल्या पक्क्या ध्वनिफितीत त्याचा खाली अखंड चालणारा घुमारा होता, ठोके होते, वर तिचा सेतार होता. फक्त तो सूर जिथे जिथे यायचा – एक्केचाळीस वेळा, तिने मोजलं – तिथे शेजारच्या पट्टीवर सरळ करून ठेवलेला. इस्त्री केल्यासारखा. चार वाजता रेकॉर्ड छापायला जाणार होती.

आणि चूक तिचीच. काल हेनिंगने कोट चढवता चढवता विचारलं होतं, सेतारचा आवाज जरा साफ करू का, आणि तिने छातीवर हात ठेवून, घरी कुणीही म्हणेल तेच म्हटलं, "तुझ्याच हाती दिलंय, तू म्हणशील तसं." यावर समोरच्याने पुन्हा विचारायचं असतं, आपण पुन्हा आढेवेढे घ्यायचे असतात, आणि तिसऱ्या खेपेला कुठे मनातलं बाहेर येतं. हेनिंग आभार मानून सायकलवर बसला होता.

"एकदाच विचारलं?" फोनवर तिची आई, मामान, हसत सुटली. "अगंबाई! बिचाऱ्याला आईनं काही शिकवलंच नाही वाटतं!"

"मामान, माझा जीव चाललाय इथं."

"मग तोंड उघड की. हे घे, बाबा बोलतायत."

बाबा कधी बोलत नसत, ऐकत. तिने फोन भिंतीला टेकवला आणि चार ओळी वाजवल्या. पलीकडे चहाच्या पेल्यात खडीसाखर चुरचुरली.

"चढलाय," बाबा म्हणाले. "थंडीनं?"

"हो," ती म्हणाली. तिचा हात सवयीने गाठीकडे गेला… आणि थांबला. कारण ते खोटं होतं. स्वयंपाकघर ऊबदार होतं, तात कोरडी होती. थंडीने पडदा कुठेही सरकतो – खाली, वर, तिरका. हा मात्र चार वर्षं, हेनिंगच्या घुमाऱ्यावर वाजवायला लागल्यापासून, एकाच दिशेने आणि तेवढाच सरकत होता. दर वेळी ती तो खुणेवर आणायची आणि दर वेळी बोटं त्याला परत न्यायची. एवढ्या नियमाने होणाऱ्या गोष्टीला चूक म्हणत नाहीत.

स्टुडिओपर्यंतचा रस्ता वाऱ्याचा. तिने सेतार कोटाच्या आत धरला होता. मनात वाक्यं जुळत होती – तुझं काम सुंदरच आहे, पण… तुला त्रास नसेल तर… – आणि पुलापाशी तिने ती सगळी टाकून दिली.

"नाही," ती दारातच म्हणाली. "तो सूर सरळ करायचा नाही. एकही."

हेनिंगने कानांवरचे हेडफोन काढले. "अगं, मग काल का नाही बोललीस?"

"तू एकदाच विचारलंस."

"किती वेळा विचारायचं असतं?"

"तीनदा."

"बाप रे! चार वर्षांत आणखी काय काय एकदाच विचारून मिळवून बसलोय मी?" तो क्षणभर विचारात पडला. "ते माझं सफरचंदाचं लोणचं… आवडलं म्हणाली होतीस ना?"

"त्याबद्दल नंतर."

तो हसला, मग घड्याळाकडे पाहून हसायचा थांबला. अडीच. "एक्केचाळीस जागा परत लावायच्या. होईल की नाही, सांगता येत नाही. नेमका कुठे आहे तो सूर? मला आकडा दे. तुझ्या वडिलांनी वाजवलेल्या त्या जुन्या कॅसेटवरून मोजू?"

कॅसेट पिशवीत होती. नेहमीच असायची.

"नाही," ती म्हणाली. दुसऱ्यांदा म्हणताना शब्द पहिल्यापेक्षा हलका होता. तिने सेतार मांडीवर घेतला, नखाने तार छेडली, आणि सूर खोलीभर पसरला – शिराझचा नव्हे, पियानोचा नव्हे, जरासा चढा, पाय रोवून उभा. बाबांना हे कधीतरी सांगावं लागेल. काय म्हणतील ते ठाऊक नव्हतं. हेनिंग यंत्राच्या पडद्यावरचा आकडा वाचत होता. तिने दांडीवरच्या खुणेकडे पाहिलंही नाही.