गाडीचा ढावलो

धावजीच्या पोराचं लग्न मुकुटबनला होतं, आणि तांड्यातली चालती-फिरती सगळी माणसं पहाटेच पिकअपांत आणि जीपांत कोंबून तिकडं गेली होती. मागं राहिली ती खाटेला टेकलेली दोन-चार म्हातारी माणसं, सावली शोधत फिरणारी कुत्री आणि सुनीलचं घर.

सुनीलनं मुद्दाम हाच दिवस धरला होता. "आज कोणी शहाणपणा शिकवाले येत नाही," असं म्हणत त्यानं अंगणातल्या कडुलिंबाखाली गाडी जॅकवर चढवली आणि उजवं चाक काढलं. आर्णीचा मेकॅनिक नुसत्या तारखा देत होता. शेतातल्या पाण्याच्या जळालेल्या मोटारी बांधून देणाऱ्या सुनीलला मोबाइलवर दोन व्हिडिओ पाहून वाटलं, बेल्ट अन् पंप तर आहे, त्यात काय एवढं? वॉटर पंप टायमिंग बेल्टवरच फिरतो, म्हणून एक उघडला की दुसराही बदलायचा. सकाळी बायकोची, ममताची लाल नेलपॉलिश मागून त्यानं पुल्यांच्या दात्यांवर खुणा केल्या. "या खुणा हलल्या तं इंजिन गेलं समज," एवढं बजावून मग जुना बेल्ट उतरवला.

ममता उंबऱ्यात बसून पाहत होती. तिचा अर्धा जीव त्या उघड्या इंजिनात होता आणि अर्धा मांडीवर झोपलेल्या लेकीत, नानकीत.

त्याला कारणही होतं. होळीच्या सुमारास नानकीला ताप चढला होता आणि तापात तिला झटका आला. यवतमाळला निघाले, तर जवळ्याच्या फाट्यापाशी गाडी उकळली. बॉनेटमधून वाफ निघत होती, सुनील बाटलीनं पाणी ओतत होता, आणि रस्त्याच्या कडेला ममताच्या हातात पोरगी ताठ झाली होती, डोळे पांढरे. एका दूधवाल्यानं टेम्पोत घेतलं म्हणून निभावलं. डॉक्टर म्हणाले होते, ताप चढू देऊ नका, चढलाच तर थांबू नका. तेव्हापासून ममताचा हात दिवसातून कितीदा पोरीच्या कपाळावर जायचा, त्याला गणती नव्हती.

त्या दिवसापासूनच गाडी रडायला लागली होती. इंजिन चालू झालं की आतून बारीक, लांब सूर निघायचा, वर चढायचा आणि मध्येच तुटायचा. सुनील म्हणायचा, पंपाचं बेअरिंग गेलं. लालीबाई, त्याची आई, पहिल्यांदा तो सूर ऐकून हातातली भाकर तशीच धरून उभी राहिली होती.

"ढावलो गावून राह्यली," ती म्हणाली होती.

सासरी निघालेली गोरमाटी, म्हणजे बंजाऱ्याची पोर एकेकीच्या गळ्यात पडते आणि सुरात रडते, तो ढावलो. जिच्या गळ्यात पडते, तीही तशीच रडून तिला उत्तर देते, तेव्हा कुठं तो पुरा होतो. ममताला हे ऐकूनच ठाऊक होतं. ती यवतमाळात वाढलेली, बी.एस्सी. झालेली. तिचं लग्न मंगल कार्यालयात, डीजेच्या दणदणाटात झालं होतं. निघताना गळा दाटून आला, तेव्हा बहीण बबिता कानात ओरडली होती, "रडू नको बये, मेकअप जाईन!" आणि ती रडली नव्हती.

ऊन डोक्यावर आलं. भर दुपारी रिकामा तांडा कसा असतो, हे ममतानं आजवर पाहिलं नव्हतं. कडुलिंबाचं पान हलत नव्हतं. जुना पंप तेलकट पोत्यावर पडला होता, नवा बसवून झाला होता, आणि सुनील गाडीखाली पाय पसरून बेल्टला ताण देणाऱ्या टेन्शनरशी झटत होता.

तेव्हा तो सूर आला.

ममतानं आधी पंपाकडं पाहिलं. तो पोत्यावर होता तसाच होता. मग तिनं गाडीकडं पाहिलं. बॅटरीची वायर काढून ठेवलेली, किल्ली घरात खुंटीला. सूर वर चढला आणि तुटला.

"अहो, ऐकलं का?"

"काय?"

"तेच. रडणं."

"हवा शिरत असन पाइपात," गाडीखालून सुनील म्हणाला.

"हवा कुठं आहे?"

त्याचा पाना थांबला, हे तिला ऐकू आलं. मांडीवर नानकी कुरकुरली. सवयीनं ममताचा हात कपाळावर गेला, आणि तिथंच राहिला.

कपाळ तापलं होतं.

मग सगळ्यांचीच धावपळ झाली. औषध पाजलं, ते नानकीनं ओकून टाकलं. अँब्युलन्सला फोन लावला. ती दुसऱ्या पेशंटला घेऊन निघालेली, यायला बराच वेळ लागणार होता. मुकुटबनच्या वऱ्हाडात कोणाचाच फोन उचलला जाईना. मोटरसायकल होती, पण त्या उन्हात, झटका आला तर?

"एवढा बेल्ट चढवतो, निघूच," सुनील म्हणाला.

त्यानं लाल खुणेला लाल खूण जुळवली, बेल्ट चढवला, ताण दिला. आता चावी मारायच्या आधी पान्यानं इंजिन हातानं दोनदा पुरं फिरवायचं होतं. कुठं अडलं तर खूण चुकली. त्यानं पाना लावला आणि हळूहळू फिरवू लागला. कुठंच अडलं नाही. पण पुली फिरली तसा आतून सूर निघाला. तोच तो, बारीक, वर चढणारा.

"नवा पंप आहे बे हा!" सुनील जवळजवळ ओरडलाच. त्यानं बेल्ट सैल केला, पुन्हा ताणला, पंप हातानं फिरवून पाहिला. पंपाचा आवाज नव्हता. त्यानं पाना खाली ठेवला, हात मागं घेतले.

सूर चालूच होता.

सुनीलच्या तोंडचं पाणी पळालं. "ममता, मी नाही चालू करत. रस्त्यात फसलो तं? मागच्यासारखं?"

नानकीच्या कपाळावर ओली पट्टी धरून बसलेली लालीबाई तेव्हा बोलली. "गाडी कोणाची घेतली तू, सांग."

"सांगतलं ना, दिग्रसच्या भाडेवाल्याची."

"काय भाडं मारे तो?"

सुनीलनं मागच्या काचेकडं पाहिलं. तिथं नवरा-नवरीच्या नावांची थर्माकोलची अक्षरं चिकटवल्याचे डिंकाचे डाग होते, किती घासले तरी न गेलेले. लग्नसराईत नवरी सोडायची गाडी होती ती.

"किती पोरी गेल्या असतीन ह्याच्यात बसून," लालीबाई म्हणाली. "आताच्या पोरींना रडू देते का कोणी? तो डीजेचा डब्बा वाजवते धडाधड. एखादीचा ढावलो राह्यला असन आत. कोणी गळ्यात घेतलंच नाही तिले."

"मंग तू घे ना, याडी!"

"मी कशी घेऊ? माझा तं झाला तवाच. पुऱ्या तांड्यानं रडून पाठवलं मले." लालीबाईनं सुनेकडं पाहिलं. "जिचा राह्यला, तिलेच तिचा कळते."

एरवी ममता हसली असती. निदान मनात तरी. पण नानकीचे ओठ कोरडे पडले होते आणि डाव्या हाताची बोटं आपोआप मिटत-उघडत होती. मागच्या वेळी सुरुवात अशीच झाली होती.

तिनं पोरगी सासूच्या मांडीवर दिली आणि अंगण ओलांडून गाडीजवळ गेली. बॉनेट उघडं होतं. तिनं दोन्ही हात आत घातले आणि त्या तेलकट लोखंडाला मिठी मारून कपाळ टेकवलं. सकाळपासून बंद असलेलं इंजिन अंगासारखं कोमट होतं.

शब्द येईनात. गोरबोली तिला स्वयंपाकापुरती यायची. "याडी ये," आई गं, एवढंच निघालं, तेही सुराबाहेर. पुन्हा एकदा म्हटलं. तिसऱ्यांदा म्हणताना गळ्यातलं काहीतरी सुटलं आणि मंगल कार्यालयाच्या दारात गिळलेलं ते सगळं वर आलं, आईचं नाव, बापाचं, बबिताचं, यवतमाळच्या घराच्या गच्चीचं. आतला सूर तिच्या सुराला येऊन मिळाला. ती थांबली की तो चढायचा, तो तुटला की ती उचलायची. आणि मग मानेवर वजन आलं. दोन हात गळ्यात पडल्यावर येतं तेवढं, जास्त नाही. कानामागं ओलं लागलं. ममतानं डोळे उघडले नाहीत. मान तशीच धरून रडत राहिली, समोरचीचं रडणं पुरं होईपर्यंत.

सूर तुटला नाही. खाली आला, आणि संपला.

"लावा बॅटरी," ती म्हणाली. तिचा आवाज बसला होता.

सुनीलनं कव्हर लावलं, पाणी भरलं, चाक चढवलं. चावी मारली तशी गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली, आणि नुसतं इंजिन वाजावं तशी वाजत राहिली. ममता नानकीला घेऊन मागं बसली. लालीबाईनं खिडकीतून नानकीच्या तोंडावर हात फिरवला. ममताकडं मात्र तिनं पाहिलं नाही. तिच्या खांद्यामागं कुठंतरी पाहिलं आणि पदर डोक्यावर ओढून घेतला.

गाडी रस्त्याला लागली. मागच्या सीटवर ममताच्या मांडीवर नानकीचं डोकं होतं आणि बाकीच्या सीटभर तिचे पाय पसरलेले. इंजिनच्या तापाचा काटा मधोमध उभा होता. जवळ्याचा फाटा आला आणि मागं गेला. सुनीलनं मोठा श्वास सोडलेला तिला ऐकू आला. पुढं घाट सुरू व्हायच्या आधी नानकीच्या कपाळाला घाम फुटला. पट्टीचं पाणी नव्हे, तिचा स्वतःचा घाम. मिटत-उघडत असलेली बोटं सैल पडली. ममतानं ते कपाळ पुसलं, पुन्हा हात ठेवून पाहिलं, पुन्हा पुसलं.

वजन अजून तिच्या खांद्यावर होतं. मघापेक्षा हलकं, रडून थकलेलं माणूस टेकतं तसं.

नानकीनं झोपेतच पाय आखडून घेतले, शेजारी कोणी बसायला आलं की घेतो तसे. सीटवर पलीकडच्या दाराजवळ एका माणसाची जागा झाली.

"काय झालं?" आरशातून सुनीलनं विचारलं. "तशी काय बसली तू, अंग चोरून?"

"काही नाही," ममता म्हणाली. पोरीला तिनं जरा आणखी आपल्याकडं ओढून घेतलं. "हळू घ्या वळणाला."