विहिरीचं उदाहरण

लढाईच्या त्या दिवसांत सुप्याजवळच्या वाडीत गणितात दयाचा हात धरणारं कुणी नव्हतं. मिशनच्या शाळेत सातवीला ती एकटीच मुलगी. सातवीची फायनल परीक्षा पास झाली की मास्तरीण होईल, म्हणून बापानं, दानीएलनं, तिला कामाला कधी जुंपलं नाही. त्या सकाळी मास्तरांनी काळ-कामाची उदाहरणं घेतली. माणसं दुप्पट, तर वेळ निम्मा. एवढं सोपं, तरी पोरं आ वासून बसलेली! दयानं कपाळाला हात लावला होता.

दुपारी शाळेत निरोप आला. नव्या विहिरीचा काठ ढासळला आणि खाली खणत असलेला दानीएल गाडला गेला.

दया धापा टाकत पोचली. ढिगाऱ्याखालून पहारीची ठकठक ऐकू येत होती, म्हणजे बाप जिवंत होता. दोन गडी तळाशी माती उपसत होते.

"किती येळ लागंल वो?" तिची आई मरियम मुकादमाला विचारत होती.

"सांज व्हईल," काठावर दोर सांभाळत गोरक्षनाथ मुकादम म्हणाला.

"आई, मानसं वाढली की येळ घटतो. मी आनते मानसं!"

आणि पोरीनं खरंच अख्खी वाडी उठवली. हाताला लागेल ते घेऊन लोक धावले, काठावर ही गर्दी झाली. तशी काठाची माती पुन्हा खाली सुटू लागली.

"मागं सरा!" गोरक्षनाथ किंचाळला. "खाली दोघांबिगर तिसऱ्याला जागा न्हाई! काठ गेला तर समदेच जातील!"

स्वतः आणलेल्या माणसांना दया स्वतःच मागं ढकलू लागली. लोक सरले, आई हलेना.

"तूच म्हनलीस ना, मानसं वाढली की येळ घटतो? मग का हाकलतीस?"

तिनं आईला दंडाला धरून फरफटत मागं नेलं. नव्यानं पडलेली मातीही आता उपसणं आलं. दिवस कलताना ठकठक मंदावली, मग थांबली. माती निघाली तेव्हा दानीएलची मूठ पहारीवर तशीच आवळलेली होती.

पुढं नगरला फायनलच्या पेपरात उदाहरण आलं. इतकी माणसं विहीर इतक्या दिवसांत खणतात, तर दुप्पट माणसं किती दिवसांत खणतील?

दयाचा टाक थांबला. तळाशी दोघांनाच जागा असते, असं तिला लिहायचं होतं. पण घरी मिळवतं कुणी उरलं नव्हतं, पास होणं भाग होतं. डोळे पुसून तिनं लिहिलं, निम्म्या दिवसांत.

त्या उदाहरणाला तिला पुरे गुण मिळाले.