नंदीचा पाचवा पाय

पुण्याजवळच्या मांजरी गावात उसाच्या फडाला लागून असलेल्या रिकाम्या प्लॉटवरच्या मंडपात सकाळी आठपासून रांग लागायची. नव्या टॉवरमधले आयटीवाले, गावातले शेतकरी, तान्ही मुलं घेतलेल्या बाया, सगळे एका खोंडापुढे हात जोडून उभे. पांढरा खिलार खोंड, अंगभर भंडारा फासलेला आणि वशिंडातून लोंबणारा पाचवा पाय!

"चार पाय चालायला, पाचवा आशीर्वादाला!" वैजनाथ महाराज माइकवर ओरडत. "डोकं पुढे, श्रद्धा मनात, मोबाइल खिशात!" मग ते मोरपिसांचा कुंचा वशिंडावर टेकवत. खोंड थरथरे आणि तो पाय हिसका बसून भक्ताच्या डोक्यावर आपटे. खोंडाच्या डोळ्यांतून पाणी वाही. "पाहा, नंदीला गहिवर आला!" असं महाराज म्हणाले की लोकही रडत.

उदा-धुपाच्या त्या धुरातून मला सडक्या मांसाचा वास आला. तो मला चांगला ओळखता येतो, कारण मी लोकांना नको झालेली जनावरं सांभाळते. दुधाच्या धंद्यात नर वासरू कुणालाच नको असतं. अशी गोऱ्ही, लंगडे बैल, हौस फिटल्यावर सोडलेले ससे आमच्या निवाऱ्यात येतात. बरे झाले की आम्ही त्यांना चांगलं घर शोधून देतो.

"निशाताई, नाक का मुरडताय?" सर्जेराव म्हणाले. गावातला सर्वांत मोठा गोठा त्यांचा. "तुमी आमचं गोऱ्हं घेतलं न्हाई. म्हाराजांनी घेतलं. गोशाळेत मजेत हाय."

ते खरंच होतं. पंधरा दिवसांपूर्वी त्यांच्या बायकोनं, मैनावहिनींनी, ते जर्सी गोऱ्हं माझ्या दारात आणलं होतं आणि जागा नाही म्हणून मीच परत पाठवलं होतं.

मी आमच्या जनावरांच्या डॉक्टरांना, अभयना, बोलावून घेतलं. ते शिस्तीत रांगेत उभे राहिले. पाळी आल्यावर त्यांनी डोकं पुढे न करता तो पायच धरला.

"महाराज, पाय बर्फासारखा गार आहे."

"कैलासाहून आलाय. तिथं बर्फच असतो!"

"आणि अळ्या? त्याही कैलासाच्याच का?"

महाराजांचा आवाज चिरकला. "देवाला बाटवलं! सोडू नका पाप्याला!"

पहिला नारळ अभयच्या कानशिलावर बसला. मग लाथा, चपला. सर्जेरावांनी काठी घातली. मी मध्ये पडले, तर कुणीतरी केस धरून मला मागे फेकलं. अभयच्या चेहऱ्यावरून रक्त वाहत होतं, पण पाय धरलेली मूठ सुटली नव्हती. गोंधळानं बुजलेला खोंड हंबरला, दावं तोडून उधळला आणि पाय अभयच्या हातातच राहिला.

मारणारे हात थांबले. उसाच्या कडेला जाऊन थांबलेल्या खोंडाच्या वशिंडावर तळहाताएवढी जखम होती. तीत पू, अळ्या आणि गंजकी तार.

अभय जमिनीवरून उठले नाहीत. तिथेच बसून त्यांनी बाटलीतलं पाणी पायावर ओतलं. भंडारा धुऊन गेला, खाली तांबूस केस दिसले.

"खोंड पांढरा खिलार, पाय जर्सीचा. कैलासावर संकरित जनावरं कधीपासून पाळतात, महाराज?"

गर्दीतून मैनावहिनी पुढे आल्या. खुराच्या वरचा जुना वण त्यांनी बोटानं चाचपला. "दाव्यानं काचलं व्हतं इथं. मीच हळद लावायची." त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. "अहो, आपलं गोऱ्हं हाय ह्ये."

सर्जेरावांची काठी गळून पडली.

मंडपामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये 'गोशाळा' सापडली. तोंड बांधलेली दोन जिवंत वासरं, दाभण, सुतळी, तार. आणि गोणपाटाखाली तीन पायांचं मेलेलं गोऱ्हं. कुंच्याच्या दांड्यात, बैल हाकायच्या पराणीला असते तशी टोकदार आर होती. ती जखमेत टोचली की खोंड वेदनेनं झटका देई आणि पाय हले. मी लगेच पोलिसांना फोन लावला.

"एका जनावराचं मांस दुसऱ्याच्या अंगात रुजत नाही," अभय म्हणाले. "आठ-दहा दिवसांत सडतं. खोंड मरतो. मग नवं गाव, नवा खोंड, नवं वासरू."

सर्जेरावांनी महाराजांचा गळा आवळला. महाराजांचं डोकं खांबावर आपटलं, एकदा, दोनदा. लोकांनी दगड उचलले. रक्तानं माखलेले अभय धडपडत मध्ये उभे राहिले.

"सोडा त्याला! जादूटोणाविरोधी कायदा आहे, पोलीस येताहेत. सर्जेराव, मला मारताना तुम्ही काही विचारलं नाहीत. आताही विचार न करताच मारताय. अहो, चमत्कार दिसला तर हात जोडण्याआधी जवळ जा. वास घ्या, शिवण शोधा, चार प्रश्न विचारा. प्रश्न विचारल्यानं खरं असेल ते मोडत नाही."

दगड एकेक करून खाली पडले. टॉवरमधला एक गृहस्थ मात्र अजून हात जोडूनच होता. "डॉक्टर, पण खोंड तर देवाचाच ना? दर्शन घेतलं तर चालेल?"

"त्याला तहान लागली आहे," अभय म्हणाले. "बादली आणा."

गृहस्थ जागचा हलला नाही. मैनावहिनींनी तो पाय हळूच गोणपाटाखाली गोऱ्ह्याशेजारी ठेवला, नळावरून बादली भरून आणली आणि खोंडापुढे धरली. त्यानं आधी त्यांच्या हाताचा वास घेतला. मग बादलीत तोंड घातलं.