घरचा वारा

आपल्या आयुष्यातला शेवटून दुसरा दिवस मुकाशने सादीककडच्या जेवणात घालवला, आणि तो अगदी खुशीत होता. सादीकने हिवाळ्याच्या बेगमीसाठी घोडा कापला होता. अशा वेळी आळीतल्या सगळ्यांना बोलवून पहिलं मांस वाटून खायचं, ही ताश-झार गावची जुनी रीत. पुरुष आत उबेला बसले होते, बायका दाराच्या बाजूला, आणि मुकाशची मुलगी बुरुल सगळ्यांना चहा देत होती. बुरुल पस्तिशीची. लग्न मोडून माहेरी आली त्याला आठ वर्षं झाली होती. गावाच्या वरच्या अंगाला हवामान केंद्र होतं, तिथे ती रोजचा अंदाज लिहायची: एक सरोवरासाठी, एक खिंडीतल्या रस्त्यासाठी आणि एक डोंगरातल्या मेंढपाळांसाठी.

सादीक हा मच्छीमारांच्या तुकडीचा तांडेल. मांस चिरता चिरता त्याने विचारलं, की उद्याचं काय म्हणणं आहे तुमच्या केंद्राचं. बुरुल त्याला थोरल्या भावासारखं बाइके म्हणायची. ती म्हणाली, सादीक बाइके, बहुतेक वादळाचा इशारा असेल.

"परत?" सादीक म्हणाला.

तेवढ्यात मुकाशने तोंड घातलं. "माझ्या पोरीचा अंदाज म्हणजे सासूचं दुखणं रे. ऐकायचं पुरं, धरायचं निम्मं."

सगळी खोली हसली. सादीकच्या बायकोला तर ठसका लागला. बुरुलही ओठांपुरतं हसली आणि चहा ओतत राहिली. इथे पाहुण्याचा वाडगा अर्धाच भरतात, म्हणजे तो पुन्हा मागेल, अजून बसेल. काठोकाठ भरलेला वाडगा म्हणजे पी आणि ऊठ. बुरुलने बापाचा वाडगा काठोकाठ भरला. मुकाशने वाडग्याकडे पाहिलं, लेकीकडे पाहिलं, आणि एक थेंबही न सांडता सगळा चहा प्यायला. उठला मात्र नाही.

बोलणं खोटं नव्हतं, म्हणूनच लागलं. दोन हिवाळ्यांमागे बूम खिंडीतून घुसणारा पश्चिमेचा वारा, उलान, कुणालाही चाहूल न देता आला होता आणि दोन माणसं घेऊन गेला होता. वरून केंद्राला कडक पत्र आलं. केंद्रप्रमुख झिनाइदा पावलोव्ना निवृत्तीला टेकलेल्या. त्यांनी तेव्हापासून नियमच करून टाकला: शंका आली की वीस लिहायचे. सेकंदाला वीस मीटर. "वीस लिहून वारा आला नाही तर लोक हसतील," त्या म्हणायच्या, "मला हसलेले चालतात." यंदाच्या नोव्हेंबरात एकोणीस दिवस इशारा होता आणि उलान आला पाच दिवस. दर इशाऱ्याला घरी बसायचं तर जाळी खुंटीवरच राहिली असती. त्यामुळे कोळ्यांनी केंद्राचा आकडा निम्मा करायला सुरुवात केली, आणि बहुतेक दिवशी ते बरोबर ठरत.

पण हाच मुकाश रोज सकाळी सव्वासातला, धक्क्यावर जायच्या वाटेत, केंद्राच्या खिडकीशी यायचा. नखाने काचेवर दोनदा वाजवायचा. बुरुल वरची छोटी झडप उघडायची.

"ऑफिसचा वारा किती?"

"वीस."

"आणि घरचा?"

मग ती सांगायची. आठ. किंवा, दुपारपर्यंत बारा, मग पडेल. किंवा, आज घरीच बसा, आके. बापाला ती आके म्हणायची. हे नियमात बसणारं नव्हतं, आणि मुकाशने घरचा आकडा कधी कुणाला सांगितलाही नाही. तो नुसता जायचा, नाहीतर जायचा नाही, आणि बाकीच्या होड्या त्याच्याकडे बघून ठरवायच्या. मुकाशला वाऱ्याचा वास येतो, असं गाव म्हणायचं. मुकाश ते ऐकून घ्यायचा.

त्या रात्री बुरुलच्या डोक्यात हेच घोळत राहिलं. वासाचं नाव त्याचं, हसं तिचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाच्या नोंदी आल्या. खिंडीपलीकडे हवेचा दाब चढला होता, सरोवरावर उतरला होता, आणि दोन्हींतला फरक त्या हिवाळ्यातला सगळ्यात मोठा होता. जितका फरक मोठा, तितका उलान जोराचा. बुरुलने वीस लिहिले. झिनाइदा पावलोव्नांनी न बघता सही केली. बाहेर अजून उजाडायचं होतं. हे सरोवर थंडीत गोठत नाही, त्यातून वाफ निघते. त्या सकाळी वाफ इतकी दाट होती की धक्क्यावरचा दिवासुद्धा पुसट झाला होता. उलान येण्याआधी खिंडीच्या तोंडावर पांढऱ्या गादीसारखा ढग पसरतो, तो बघून जुनी माणसं ओळखतात. आज बघायला काहीच नव्हतं. विचारायचं तर खिडकीशीच.

सव्वासातला काच वाजली.

बुरुलने टेलिफोन उचलून कानाला लावला. पलीकडे कुणी नव्हतं, नुसता सूर वाजत होता. ती खिडकीकडे पाठ करून उभी राहिली आणि कुणाचं तरी ऐकत असल्यासारखी मान हलवत राहिली. मनात वाईट काही नव्हतं. जरा उभं राहू दे थंडीत, एवढंच होतं.

काच पुन्हा वाजली. तिने कागद ओढला आणि त्यावर उगीच रेघोट्या मारल्या.

ती वळली तेव्हा खिडकीत कुणी नव्हतं. काचेवर त्याच्या श्वासाचा गोल होता, आणि तो कडेने आटत चालला होता.

पावणेआठला तिने रेडिओवर बातमीपत्र वाचलं. सरोवराचा पश्चिम भाग, वारा पश्चिमेचा, सेकंदाला वीस मीटर, होड्यांवर बर्फ चढण्याचा धोका. गेल्या महिन्यात एकोणीस वेळा वाचलं होतं त्याच आवाजात तिने ते वाचलं. मुकाशने धक्क्यावर ते ऐकलं आणि निम्मं केलं. त्याची होडी निघालेली बघून आणखी दोन निघाल्या.

उलान अकरा वाजता आला. त्या दोन होड्यांतल्या माणसांची जाळी जवळ होती. ते बर्फाने पांढरे होऊन, पाणी उपसत उपसत परत आले. मुकाशची जाळी लांब होती आणि होडीत तो एकटा होता. तिसऱ्या दिवशी होडी दक्षिण किनाऱ्याला उलटी सापडली, वीतभर बर्फाच्या कवचात. मुकाश तिच्यापासून फार लांब नव्हता.

अंगणात तंबू उभा राहिला. पुरुष बाहेर काठ्यांवर वाकून हंबरडा फोडत होते, बायका आत मयताजवळ भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. बापाच्या मयतीला लेकीने कोशोक म्हणायचा असतो. बाप कसा होता, आपल्याला कोण होता, हे सूर लावून, मोठ्याने, गावाच्या देखत सांगायचं. ज्यांना अक्षर येत नाही अशा बायकासुद्धा म्हणतात. बुरुलच्या खोलीत तर भिंतभर पुस्तकं. सगळ्यांचे कान तिच्याकडे लागले होते. ती कमरेवर हात ठेवून बसली, तोंड उघडलं, आणि पहिली ओळ जिभेवर आली ती खिडकीची. तिने तोंड मिटलं. पुन्हा उघडलं, पुन्हा तीच. शेवटी तिच्या आईने, शारीपाने, आपला कोशोक लांबवला आणि लेकीच्या वाटचं आपणच म्हटलं.

बाहेर हात धुताना सादीकची बायको कुणाला तरी सांगत होती, की एवढं वाचलं पोरीने, पण बापासाठी चार ओळी निघाल्या नाहीत. दुसरी म्हणाली, दुःख गोठलंय गं, चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला सुटेल.

गुरुवारी मेलेल्यांसाठी तेलाचा वास सोडतात. शारीपा तव्यावर रोट्या तळत होती आणि बुरुल पीठ लाटत होती. पाठ न वळवता शारीपाने विचारलं, "त्या दिवशी आला होता तो तुझ्या खिडकीशी?"

बुरुलचं लाटणं थांबलं. आईला ठाऊक असेल, असं तिला कधी वाटलं नव्हतं.

"मी फोनवर होते, अपा."

"फोनवर," शारीपा म्हणाली. तिने रोटी उलटली.

स्वयंपाकघरातला मुकाशचा रेडिओ मात्र शारीपाने बंद केला नाही. रोज पावणेआठला ती लेकीचा आवाज ऐकायची, त्याने ऐकला असता तसा, काम थांबवून.

चाळिसावा आला आणि गेला. बुरुलने लोकांना वाढलं, भांडी घासली, आणि तिच्या तोंडून चार शब्द निघाले नाहीत. आता कुणी त्यावर बोलतही नव्हतं. बोलले असते तर बरं झालं असतं, असं तिला वाटे. लोक भेटले की उलट तिचीच समजूत घालायचे: तू तर वीस सांगितले होतेस, पोरी, तुझा काय दोष, मुकाशच हट्टी. ती मान खाली घालायची, आणि लोक ती मान दुःखाची समजायचे.

सुरुवातीचे तीन आठवडे कोळ्यांनी प्रत्येक इशारा पाळला. त्यातल्या बहुतेक दिवशी सरोवर ताटातल्या पाण्यासारखं शांत राहिलं. मग एकजण गेला, चार पेट्या मासे घेऊन आला. मग सगळे जाऊ लागले. आता कुणाकडे बघून ठरवायचं हेही उरलं नव्हतं.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी नोंदी आल्या आणि बुरुल उभीच राहिली. दाबातला फरक डिसेंबरातल्या त्या दिवसापेक्षाही दोन मिलिबारनी जास्त होता. बाहेर वाफ, खिंड दिसत नव्हती. तिने वीस लिहिले आणि कागद झिनाइदा पावलोव्नांपुढे ठेवला.

"आज खरंच वीस आहेत," ती म्हणाली.

"रोज खरंच असतात, बुरुल."

"नाही, झिनाइदा पावलोव्ना. रोज नसतात. वेगळं काहीतरी लिहू दे. निदान आज बाहेर पडू नका, एवढं तरी."

झिनाइदा पावलोव्नांनी चष्मा काढला. त्या कठोर बाई नव्हत्या. मुकाशच्या मयतीला त्या गुडघे दुखत असताना चढ उतरून आल्या होत्या. पण मजकूर ठरलेला असतो, त्या म्हणाल्या, जायचं की नाही हे ठरवणं आपलं काम नाही, कागदावर आहे तेवढंच वाच.

बुरुलने धक्क्यावर टेलिफोन लावला. सादीकने उचलला. मागे इंजिनं तापवल्याचा आवाज येत होता.

"बोल पोरी. किती?"

"वीस, बाइके."

"हां, वीस." तो हसला, पण प्रेमाने. "मग मुकाशचं निम्मं धरतो."

गावात आता असंच म्हणायला लागले होते. मुकाशचं निम्मं. तिने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तोवर सादीकने टेलिफोन ठेवला होता.

खिडकी रिकामी होती. सव्वासात वाजून गेले होते. झडपेच्या कडीवर हात ठेवून ती थोडा वेळ उभी राहिली, मग रेडिओपाशी जाऊन बसली.

पावणेआठला तिने बटण दाबलं. सरोवराचा पश्चिम भाग, वारा पश्चिमेचा, सेकंदाला वीस मीटर, होड्यांवर बर्फ चढण्याचा धोका. खिंडीतला रस्ता, बर्फाची वावटळ. डोंगरातल्या मेंढपाळांनी कळप खाली ठेवावेत. कागद संपला. तिने बटण सोडलं नाही.

"हा झाला ऑफिसचा वारा," ती म्हणाली.

आवाज तिचा तिलाच अनोळखी वाटला. दारात झिनाइदा पावलोव्ना आल्या होत्या. त्यांनी एक पाऊल पुढे टाकलं आणि चौकटीला धरून तिथेच थांबल्या.

"माझ्या वडिलांना वाऱ्याचा वास येत नव्हता. ते रोज माझ्या खिडकीशी यायचे आणि घरचा वारा विचारायचे. मी खरं सांगायचे, त्यावर ते ठरवायचे, आणि तुम्ही त्यांच्यावरून ठरवायचात. त्या दिवशीही ते आले होते. दोनदा काच वाजवली त्यांनी. मी फोनवर नव्हते, अपा. फोनवर कुणीच नव्हतं. आदल्या दिवशी ते मला हसले होते, त्याचा मला राग होता, म्हणून मी नुसता फोन कानाला लावून पाठ करून उभी राहिले. ते थांबले, आणि गेले. मला माहीत होतं, आणि मी झडप उघडली नाही."

खाली धक्क्यावर एक इंजिन बंद झालं. थोड्या वेळाने दुसरं. सकाळच्या थंडीत ते इथवर ऐकू येत होतं. बुरुलने दोन्ही हात मेजावरून उचलले, मग बटण सुटेल म्हणून एक पुन्हा ठेवला. दुसरा कमरेवर गेला, कोशोकाला बसतात तसा.

"त्या दिवशी घरचाही वीसच होता, आके. आजही वीसच आहे. जाऊ नका."